बांध
बांध : शेताच्या सीमेवर किंवा उतारास आडवा घातलेला मातीचा अथवा दगडांचा उंचवटा. विदर्भात सीमेवरील बांधास ‘धुरा’ म्हणतात. सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत पाऊस थोडा, पण पुष्कळदा एकदम कोसळणारा असतो. त्यामुळे पाणी अडविणे व माती धरून ठेवणे हे तेथील बांधाचे मुख्य कार्य होय. उतारावरील मोठ्या बांधास ‘ताल’ म्हणतात. जादा पाण्यासाठी तिला सांडवा ठेवावा लागतो. तो नसल्यास ताल फुटून खालच्या शेताचेही नुकसान होते. ‘अश्रूंचा बांध फुटणे’ हा वाक्प्रचार यावरूनच रूढ झालेला दिसतो.

सीमेवरचा बांध दोन शेते वेगळी करतो. मात्र पाऊलवाटही त्यावरूनच जाते आणि गुरांना गवतही तेथेच मिळते. नांगराचे एकेक तास सरकवीत दरसाल बांध कोरण्याची खोड जुनीच असून भाऊबंदकीचे कितीतरी तंटे तीतून उद्‌भवतात. कोरून अरुंद झालेला बांध लोंढ्यात टिकत नाही व माती दोघांचीही वाहून जाते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये सीमेवरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार करतो. हद्दीसाठी मात्र भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी लागते.