कोंबडीचे खुराडे आणि बाळाचे पोट

गेल्या पावसाळ्यात सव्वा वर्षाची एक मुलगी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाबासाठी आमच्या वॉर्डात दाखल झाली. वजन सात किलो दोनशे ग्रॅम. जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या देऊन प्रत्येक वेळी जुलाब थांबत, पण वजन काही वाढत नव्हते. सोबत आलेल्या आजीला मी विचारले, ‘‘आजी, पाणी कुठले पिता?’’

‘‘विहिरीचे. पोरीला उकळूनच देतो.’’

‘‘घरात गुरे आहेत?’’

‘‘गुरे कधीच विकली. सात-आठ कोंबड्या आहेत तेवढ्या.’’

‘‘त्या रात्री कुठे असतात?’’

‘‘पडवीत, डालग्याखाली. बाहेर ठेवल्या तर मुंगूस ठेवील का, डॉक्टर?’’

आजीचे बरोबर होते. कोकणातल्या उपजिल्हा रुग्णालयात काम करताना ‘कोंबड्या घराबाहेर ठेवा’ असे मी शेकडो वेळा सांगितले असेन. पण बाहेर म्हणजे कुठे आणि कशात, हे सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याला अर्थ नाही. म्हणून आजचा लेख औषधांवर नाही, खुराड्यावर आहे.

कोंबडी हवी, पण पडवीत नको

परसातली कोंबडी ही गरिबाच्या घरातली प्रथिनांची पेढी आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. त्यामुळे कोंबड्या विकून टाका, असे मी कुणालाही सांगणार नाही. अडचण वेगळी आहे. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. कोंबडीला त्यांचा फारसा त्रास होत नाही, माणसाच्या बाळाला होतो. रांगणारे मूल दिवसातून किती वेळा जमिनीवरचा हात तोंडात घालते, ते एकदा मोजून पाहा. पडवी शेणाने सारवलेली असेल तर वाळलेली विष्ठा डोळ्यांना दिसतही नाही. असा संसर्ग वारंवार झाला की आतड्याला कायमची सूज राहते आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

इथिओपियाच्या ग्रामीण भागातल्या मुलांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कोंबड्या होत्या, त्या घरांतल्या मुलांची उंची वयाच्या मानाने बरी होती. मात्र जिथे कोंबड्या रात्री माणसांच्याच घरात ठेवल्या जात, तिथे उंची कमी आढळली. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

मग खुराडे बांधले की काम झाले का? नाही. पेरूची राजधानी लिमाच्या एका गरीब वस्तीत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना कुंपणात कोंडण्याचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, तेव्हा कुंपण असलेल्या घरांतल्या मुलांना कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब उलट जास्त झालेले दिसले. त्याचे एक संभाव्य कारण सरळ आहे. अंगणभर पसरणारी घाण कुंपणात एका जागी साठते आणि तिथे मूल गेले किंवा माणसाच्या पायांना लागून ती घरात आली, तर मात्रा वाढते. म्हणजे खुराडे बांधायचे ते कोंबडी आत ठेवण्यासाठी आणि मूल बाहेर ठेवण्यासाठी. ही दोन्ही कामे होत नसतील तर ते अर्धेच बांधले असे समजा.

आठ कोंबड्यांचे खुराडे

जागा मागील दारी, पण स्वयंपाकघराच्या दारापासून लांब निवडा. विहीर असेल तर खुराडे तिच्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला हवे. पाणी साचणारी जागा नको.

आठ कोंबड्यांना रात्री झोपायला चार फूट बाय चार फूट जागा पुरते, म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट. हे खोके चिऱ्याच्या चार खांबांवर जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच ठेवा. त्यामुळे ओल चढत नाही आणि खालची जागा झाडता येते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण या बाजू फळ्यांनी बंद करा, पूर्वेकडे जाळी ठेवा. पत्र्याचे छप्पर भिंतींच्या दीड-दोन फूट पुढे आणा आणि उन्हाळ्यात त्यावर झावळ्या टाका. छपराखाली सहा इंचांची फट ठेवून तिला जाळी मारा. विष्ठेतून निघणारा अमोनिया तिथून बाहेर जातो. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर वारा कमी पडतो आहे हे ओळखा. तोच वायू कोंबडीच्या आणि झाडणाऱ्याच्याही श्वसनमार्गाला त्रास देतो.

कोंबडी उंचावर बसून झोपते. चार-चार फुटांचे दोन आडवे दांडे लावले की आठ जणींची सोय होते. दांडा सुमारे दोन इंच जाडीचा असावा, गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतात. अंडी घालण्यासाठी एक-एक फुटाची दोन खोकी पुरतात, मात्र ती दांड्यांपेक्षा खाली हवीत. नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात. दांड्यांच्या खाली पत्र्याचा सरकता ट्रे ठेवून त्यात भाताचे तूस पसरा. रात्रभराची विष्ठा त्यात पडते आणि सकाळी ट्रे ओढून रिकामा करता येतो.

खुराड्याला लागून दिवसा फिरण्यासाठी दहा फूट बाय आठ फूट जाळीचे आवार करा. त्याचे दार मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवरच्या कडीने बंद व्हायला हवे.

मुंगसाचा धडा

जाळीबद्दल अनुभवाने सांगतो. सरकारी निवासस्थानाच्या मागे मी स्वतः पहिले खुराडे केले तेव्हा बाजारात ‘कोंबडीची जाळी’ म्हणून मिळणारी पातळ, षटकोनी छिद्रांची जाळी आणली. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. तिसऱ्याच रात्री सहापैकी चार कोंबड्या गेल्या. जाळीचा एक कोपरा फाडलेला होता आणि शेजारी जमीन उकरलेली होती. तेव्हापासून मी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळीच वापरतो. ती जमिनीशी संपवू नका. तळाशी फूट-दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी वळवा आणि वर चिरे ठेवा. आपल्या कातळात खोल खणणे अवघड आहे, हा उपाय त्यापेक्षा सोपा. उकरणारे जनावर कुंपणाच्या कडेलाच उकरते आणि जाळीवर अडते. दाराला साधी खिट्टी नको, कडी हवी.

खुराडे आणि दवाखाना

खुराड्याशी संबंधित सर्वांत गंभीर रुग्ण आम्ही पाहतो ते सर्पदंशाचे. नाग अंड्यांसाठी आणि पिल्लांसाठी येतो. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते. संध्याकाळी अंधारात अंडे काढायला आत घातलेला हात थेट सापावर पडतो. अंडी दिवसा, बॅटरीच्या उजेडात आणि आधी काठीने खोके हलवून काढा. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही न करता, हालचाल कमीत कमी ठेवून रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथेच मिळते.

उंदीर म्हणजे लेप्टोस्पायरोसिसही. म्हणून दाणे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि उरलेले खाद्य तिन्हीसांजेला उचलून घ्या. पायाला चीर किंवा जखम असेल तर खुराड्याभोवतीच्या चिखलात अनवाणी जाऊ नका.

झाडताना आधी थोडे पाणी शिंपडा, नाकातोंडाला मास्क किंवा पंचा बांधा. सुकी विष्ठा आणि पिसांची धूळ दमेकऱ्याला त्रास देते, आणि काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीने सूज येते. तूस ओले झाले की बदला, कारण त्यावर बुरशी धरते. काढलेली विष्ठा भाजीच्या वाफ्यात ताजी टाकू नका. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात काही महिने कुजवून मगच वापरा. खुराड्यासाठी चपलांचा वेगळा जोड ठेवा, तो दारातच काढा आणि हात साबणाने धुवा. माखलेली अंडी फ्रीजमध्ये इतर अन्नाजवळ ठेवू नका. मुलांना अंडे पूर्ण उकडूनच द्या.

उवा-पिसवांसाठी शेतातले कीटकनाशक खुराड्यात फवारणारे लोक मला भेटतात. त्याची विषबाधा माणसालाही होते. कोरडी माती आणि चुलीची राख घातलेली पाटी आवारात ठेवा, कोंबड्या स्वतःच त्यात लोळतात. तेवढ्याने भागले नाही तर पशुवैद्यकांना विचारा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, या रोगाची लसही त्यांच्याकडूनच घ्यावी.

आणि एक गोष्ट विसरू नका. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तो माणसाला क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या पटापट मेल्या तर त्या कापू नका, खाऊ नका, ओढ्यात फेकू नका. उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. त्यानंतर घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांबद्दल आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा.

त्या मुलीचे पुढे काय झाले? तिच्या वडिलांनी दिवाळीच्या आधी खुराडे उभे केले. जुने वासे आणि पत्रा घरचेच होते, विकत घेतली ती फक्त जाळी. मी एक अट घातली होती : आठवड्याला जी अंडी बाजारात जातात त्यांतली चार घरात, पोरीसाठी राहिली पाहिजेत. परवा तपासणीला आली तेव्हा वजन नऊ किलो शंभर ग्रॅम भरले. हे सगळे खुराड्यामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. तिचा आहार सुधारला होता, पावसाळाही संपला होता. पण पडवी आता तिला रांगायला-चालायला मोकळी आहे, आणि मुंगूस रोज रात्री जाळीपाशी येऊन परत जातो, असे आजी सांगत होती.