आगाऊ प्रवेशाची किंमत

अमेरिकेतील अनेक नामांकित महाविद्यालये शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी, नोव्हेंबरच्या आरंभीच काही अर्ज मागवतात. ‘अर्ली डिसिजन’ या प्रकारात विद्यार्थी एकाच संस्थेला वचन देतो : प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन, अन्य अर्ज मागे घेईन. संस्थेला जागा भरल्याची निश्चिती, विद्यार्थ्याला चिंतामुक्ती. सौदा उभयपक्षी लाभाचा भासतो.

परंतु शुल्काची जुळवाजुळव करणाऱ्या कुटुंबाला अनेक संस्थांनी देऊ केलेले अर्थसाहाय्य ताडून पाहायचे असते. ती संधीच येथे हिरावली जाते. साहाय्य अपुरे पडल्यास वचनातून सुटका मिळते, हे खरे; पण तुलनेवाचून अपुरे ठरवायचे कशाच्या आधारे?

अॅव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर या अभ्यासकांनी २००३ मध्ये दाखवून दिले की, आगाऊ अर्जाचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांइतका असतो. हे गुण बुद्धीचे नव्हेत, ऐपतीचे.

हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये आगाऊ प्रवेश बंद करण्याचे ठरविले. २०११ मध्ये दोघांनीही तो, वचनाचे बंधन न घालता, पुन्हा सुरू केला. स्पर्धेतून एकट्यादुकट्याने माघार घेणे बलाढ्य संस्थांनाही पेलले नाही. मग एकट्या विद्यार्थ्याने ते धैर्य दाखवावे, ही अपेक्षा न्याय्य कशी?