पेणला एक टाळी, रोह्याला दोन

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली दोन्ही नावे दोन-दोन अक्षरांची. पण मुलांना ती नेहमीसारखी उच्चारून टाळ्या वाजवायला सांगा. रोह्याला दोन टाळ्या पडतात, पेणला एकच. यात मुलांचे काही चुकत नाही. 'पेण' लिहिताना शेवटच्या 'ण'मध्ये 'अ' असतो; बोलताना तो गळून जातो. सहावी ते आठवीच्या वर्गात कविता लिहून घेताना होणारा बराच गोंधळ या गळणाऱ्या 'अ'पाशी सुरू होतो. मूल कानाने मोजते, शिक्षक डोळ्यांनी मोजतात, आणि चांगल्या जुळलेल्या ओळीवर लाल फुली पडते.

म्हणून आम्ही असे सुचवतो, की कवितेचा तास मोजणीपासून सुरू करावा. 'गणपती' हा शब्द घ्या. पेणमध्ये तो वर्षभर कानांवर पडतो. अक्षरे चार, टाळ्या मात्र तीन : गण-प-ती. आता रोह्याची नदी, कुंडलिका. अक्षरे चार आणि टाळ्याही चार. मधला 'अ' कुठे गळतो आणि कुठे टिकतो, याची यादी मुलांनाच करू द्यावी. हा भाषेचा अस्सल प्रयोग आहे आणि त्याला उपकरण लागत नाही.

यापुढची पायरी मात्रांची. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार असलेले किंवा जोडाक्षराचा आघात झेलणारे अक्षरही गुरू. 'गणपती'च्या लिखित मात्रा १+१+१+२, म्हणजे पाच. बोलताना 'गण' एका झटक्यात येतो, पण त्याला दोन मात्रांचा वेळ लागतो. म्हणजे २+१+२, पुन्हा पाचच! 'अ' गळाला तरी त्याचा वेळ वाया जात नाही, आधीचे अक्षर तो घेते. टाळ्या बदलल्या, मात्रा बदलल्या नाहीत. मात्रा हे वेळेचे माप आहे, हे मुलांना व्याख्येपेक्षा या एका शब्दातून अधिक नीट समजते.

मग अभंगात अक्षरेच का मोजायची? कारण अभंग गायचा असतो. गाताना गळालेला 'अ' परत येतो आणि प्रत्येक अक्षर सारखे लांबते. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात छंद, जाती आणि वृत्ते वेगळी मांडली, त्यामागे हाच भेद आहे : छंदात अक्षरांची संख्या, जातीत मात्रांची बेरीज, वृत्तात लघु-गुरूंचा ठरलेला क्रम. मोठ्या अभंगाचे चार चरण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे असतात. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. नमुन्यादाखल आम्ही रचलेला एक :

खाचरात पाणी
ढग झाला काळा
बेडकांची शाळा
भरलेली

पहिला चरण सरळ वाचून टाळ्या वाजवा, चारच पडतात : खाच-रात-पा-णी. तोच चाल लावून म्हणा, सहा होतात.

याच चार ओळींनी आणखी एक गोष्ट उघड होते, आणि आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पेण परिसरातल्या आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'काळा'चे 'काला', 'शाळा'चे 'शाला'. असा उच्चार केला की वर्ग हसतो आणि ते मूल पुढे कवितेच्या तासाला तोंड उघडत नाही. आता मोजून पाहा. अक्षरे तेवढीच, मात्रा तेवढ्याच, आणि 'काला-शाला' हे यमकही शाबूत! छंद व्यंजनाची जात विचारत नाही. शुद्धलेखनाचा तास वेगळा ठेवावा, पण कविता तपासताना 'न' आणि 'ल' यांवर खुणा करू नयेत.

शिवाय याच घरांत रचनेचे नमुने मिळतात. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते; तिची चाल मुलांनी ऐकलेली असते. जात्यावरची ओवी आजीला आठवत असेल. ओवीला साडेतीन चरण, पण अक्षरांची संख्या सैल. जात्याच्या फेऱ्याबरोबर ती आखूड-लांब होते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. कागदावर मोजू गेले तर ओवी हुलकावणी देते. ती म्हणवूनच घ्यावी.

वृत्ताची घाई मात्र नको. बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३), यांनी 'मेघदूता'चे मराठी भाषांतर केले. मूळ काव्याचे मंदाक्रांता वृत्त ओळीला सतरा अक्षरांचे. सुरुवातीला चार गुरू, मग पाच लघू धावत येतात. सातवीच्या मुलांनी ते ऐकावे, लिहायला पुढे वर्षे आहेत.

हायकूचे काय? शिरीष पै यांनी हा जपानी प्रकार मराठीत रुजवला. त्याची ५-७-५ ही मोजणी आपल्या अक्षरांची नाही. जपानीत 'तोक्यो' हे नाव चार एककांचे धरतात, कारण त्यातले दोन्ही स्वर दीर्घ आहेत. म्हणजे ते माप मात्रेच्या जवळचे. तसे काटेकोर मोजले तर 'गणपती' या एकाच शब्दाने पहिली ओळ संपेल. तेव्हा हायकूत अक्षरे मोजायची, टाळ्या की मात्रा, हे वर्गाने आधी ठरवावे आणि प्रत्येकाने आपले माप कवितेखाली लिहावे. तपासणाऱ्याने त्याच मापाने तपासावे.