चाकांवरच्या घराचा हिशेब

आपल्या कॉस्ट अकौंटिंगच्या पुस्तकात वाहतुकीच्या खर्चाचे एक प्रकरण असते. त्यात ट्रकचा एक काल्पनिक मालक, त्याचा विमा, ड्रायव्हरचा पगार, डिझेल, टायर. आणि दर टन-किलोमीटरचा खर्च आपण काढावयाचा. अमेरिकेत हजारो कुटुंबे हेच गणित प्रत्यक्ष जगत असतात. ‘आरव्ही’ म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने व संडास यांसह रस्त्यावर धावणारे घर. ते घेऊन लोक महिनोन् महिने हिंडतात. काहींची ती हौस; काहींना मात्र २००८ च्या मंदीनंतर गाडीतच संसार थाटावा लागला. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात अशा उतारवयातल्या माणसांची हकीकत आहे. त्यांचा हिशेब चुकला, तर परतायला मागे दुसरे घर नाही.

विमा, कर्जाचा हप्ता, घसारा हे स्थिर खर्च गाडी उभी असली तरी चालूच राहतात. खरी मेख आहे ती पेट्रोल व रात्रीचा मुक्काम यांत. समजा, साठ दिवसांत ६,००० मैल जायचे आहे. मोठी गाडी एका गॅलनला (सुमारे पावणेचार लिटर) दहा मैलांच्या आसपास जाते, पुष्कळदा त्याहूनही कमी. म्हणजे ६०० गॅलन; भाव चार डॉलर धरला तर २,४०० डॉलर. मुक्कामाच्या जागेचे भाडे रात्रीला ४० डॉलर धरा, तेही बरोबर २,४००! नवखा माणूस पेट्रोलच्या भावाकडेच डोळे लावून बसतो. जाणता निम्म्या रात्री सरकारी जमिनीवर फुकट काढतो आणि १,२०० डॉलर वाचवतो. पश्चिमेकडील राज्यांत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या पुष्कळशा जमिनीवर साधारणपणे चौदा दिवसांपर्यंत असे राहता येते.

पण येथे ‘की फॅक्टर’ आडवा येतो. फुकटच्या जागी नळ नाही, वीज नाही, गटार नाही. गाडीत टाक्या तीन: स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची व संडासाची. चाळीस गॅलन पाणी भरले आणि दोघांनी मिळून दिवसाला पाच गॅलन वापरले, तर आठ दिवस पुरेल असे कोणीही सांगेल. परंतु सांडपाण्याची टाकी चोवीसच गॅलनची असेल आणि तीत रोज चार गॅलन जात असतील, तर सहाव्या दिवशी ती तुडुंब! पाणी शिल्लक असूनही तळ हलवावा लागतो, कारण टाकी रिकामी करायला ठरलेल्या डंप स्टेशनवरच जावे लागते. म्हणून मुरलेले लोक भांडी आधी कागदाने पुसतात आणि मग धुतात. (आमच्या आजीला हे मुळीच पटायचे नाही.)

शिवाय पाण्याला वजन आहे. चाळीस गॅलन म्हणजे सुमारे दीडशे किलो. गाडीने किती भार न्यावा याला मर्यादा असते, तेव्हा टाकी घरून भरून नेण्यापेक्षा तळाजवळच्या गावात भरलेली बरी.

किराण्याला तर सरळ ई.ओ.क्यू. लावावा. गाव वीस मैलांवर असेल तर जाऊन-येऊन चार गॅलन, म्हणजे सोळा डॉलर. पाव आणि अंडी आणायला अख्खे घरच बाजारात न्यायचे! ते टाळण्यासाठी कित्येकजण आरव्हीमागे छोटी मोटार बांधून नेतात. उलट सारे एकदम भरावे, तर वजन वाढते आणि लहानशा फ्रिजमध्ये भाजी मावत नाही. म्हणून सुके जिन्नस दोन-तीन आठवड्यांचे घेतात; दूध-भाजी मात्र तळ हलवण्याच्या दिवशी. टाक्या रिकाम्या करणे, पाणी, गॅस, बाजार, सगळे त्याच फेरीत. सोळा डॉलर मग चार कामांवर वाटले जातात.