घसरणारी खुंटी

चैत्रात रामनवमी, हनुमान जयंतीच्या निमित्ताने सांगोला तालुक्यात गावोगावी हरिनाम सप्ताह बसतात. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आणि नेमक्या याच दिवसांत जुन्या वीणेची खुंटी घसरू लागते. तार चढवून हात काढला की खुंटी हळूच मागे फिरते आणि सूर उतरतो. यावर सर्रास होणारे उपाय दोन: खुंटी जोर लावून आत ठोकायची, नाहीतर भोकात फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडायचे. हे दोन्ही उपाय वाद्याच्या मुळावर येतात. दोष एकट्या खुंटीत नसतो, एकट्या भोकातही नसतो. तो दोघांच्या एकमेकांत बसण्यात असतो, आणि दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

चैत्रातच हे का होते, ते लाकडाच्या स्वभावावरून कळते. लाकूड वाळताना तंतूंच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही. आक्रसते ते आडवे. दांडीतले तंतू उभे जातात, त्यामुळे कोरड्या हवेत भोक दांडीच्या लांबीच्या दिशेने होते तेवढेच राहते आणि फक्त रुंदीकडून आवळते. खुंटीचे तंतू मात्र तिच्या स्वतःच्या लांबीने जातात, म्हणून ती चहूबाजूंनी बारीक होते. शेवटी एका लंबगोल भोकात किंचित लहान झालेली खुंटी उरते, आणि ती चारही बाजूंनी न टेकता दोनच जागी टेकते. त्यात तारेचा ताण कायम घोडीच्या दिशेने, म्हणजे भोक आधीच सैल असलेल्या बाजूलाच असतो. वर्षानुवर्षे तिकडचाच काठ झिजत जातो. सांगोल्यासारख्या कमी पावसाच्या, कडक उन्हाच्या मुलखात हा फरक जास्तच जाणवतो.

म्हणून आधी खुंटी काढून उजेडात नीट पाहावी. जिथे ती घासते तिथे लाकूड चकचकीत झालेले असते. चकाकी भोकात बसणाऱ्या सगळ्या भागावर सारखी असेल तर बसणी ठीक आहे, फक्त पकड गेली आहे. जुना मेणचटपणा पुसून, कोरडा खडू घासून, फिरवता फिरवता आत दाबली तरी काम भागते. चकाकीचा पट्टा एका टोकालाच असेल आणि बाकीचे लाकूड कोरे दिसत असेल, तर खुंटीचा आणि भोकाचा उतार जुळत नाही. अशा वेळी खडूने चार दिवस निभावतील, त्याहून जास्त नाही. मग खुंटी हलक्या हाताने तासावी लागते, निमुळत्या हत्याराने भोक पुन्हा गोल करावे लागते आणि खुंटी थोडी आत बसते. हे दोन-तीनदा जमते. त्यानंतर भोक इतके मोठे होते की त्यात कठीण लाकडाचा गट्टू सरसाने बसवून, तो वाळल्यावर नव्याने भोक पाडून नवी खुंटी घडवावी लागते. या क्रमात प्रत्येक पायरीला कमीत कमी लाकूड जाते आणि पुढच्या कारागिरासाठी काही तरी शिल्लक राहते. ठोकलेली खुंटी मात्र पाचरीचे काम करते आणि दांडीला चीर पाडते.

गोंद नको म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. जुन्या पियानोत सैल पिनांवर फेव्हिक्विकच्याच जातीचा पातळ सायनोअॅक्रिलेट गोंद सोडतात आणि जाणती माणसेही तो उपाय मान्य करतात. मग वीणेलाच काय झाले? फरक धातूचा आहे. पियानोत दोनशेहून अधिक पोलादी पिना आडव्या-उभ्या थरांच्या कठीण लाकडात घट्ट बसवलेल्या असतात आणि सगळ्या तारांचा मिळून ताण कित्येक टन भरतो. तिथे गोंद लाकडाच्या तंतूंत मुरून त्यांना टणक करतो, गुळगुळीत पोलाद मात्र त्यात फिरतेच राहते. वीणेत दोन्हीकडे लाकूड. गोंद दोघांतही मुरतो, खुंटी कायमची चिकटते, आणि नंतर ती सोडवताना भोकाचा काठच निघून येतो.

दुसरा आक्षेप सोयीचा: गिटारसारख्या दातेरी चाव्या लावल्या तर घसरण्याचा प्रश्नच मिटेल. नवे वाद्य त्याच हिशेबाने घडवले असेल तर माझी हरकत नाही. जुन्या दांडीत मात्र त्यासाठी आधीच कमकुवत झालेल्या जागेभोवती आणखी स्क्रूची भोके पाडावी लागतात, आणि तास-तास गळ्यात धरायच्या वाद्याचा माथा जड होतो. तिसरे म्हणणे, मिरजेला कोण नेणार? एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्यांचे गाव असलेले, 2024 मध्ये सतार-तंबोऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळालेले मिरज सांगोल्याहून थेट रेल्वेमार्गावर आहे. शिवाय साफसफाई आणि खडू यांना कारागीर लागतच नाही. तासणे आणि गट्टू भरणे तेवढे जाणत्या हाताकडे द्यावे.

हे काम पावसाळ्यात करू नये. तेव्हा फुगलेल्या लाकडावर जुळवलेली खुंटी चैत्रात हमखास सुटते. ऐन उन्हाळ्यात जुळवलेली आषाढात अडकून बसते. पौष-माघ बरा. सप्ताहापूर्वी तारा चढवून ठेवायला महिनाभर मिळतो, आणि कुठे सैल राहिले असेल तर ते आधीच कळते. जुनी खुंटीही टाकून न देता वाद्याबरोबर द्यावी. तिच्यावरचे घासलेले पट्टे पाहून कारागिराला भोक कोणत्या बाजूने झिजले ते लगेच समजते.