सी.टी. स्कॅन : दिवे अनेक, डोळा लहान

भागीदारीत निदान केंद्र काढावे, असा विचार सोलापुरातील काही व्यापारी बांधव अधूनमधून बोलून दाखवतात. गाडी अडते ती सी.टी. यंत्राच्या किमतीपाशी. पुढे ही किंमत रुग्णाच्याच बिलात उतरते आणि विडी कामगाराच्या किंवा यंत्रमागावरच्या कारागिराच्या घरात एका स्कॅनसाठी उसनवारी होते. म्हणून या यंत्रात पैसा कुठे जातो आणि तो वाचवण्याची कोणती वाट शास्त्रज्ञ शोधत आहेत, हे आज पाहू.

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासणारा कारागीर कापड उजेडासमोर धरतो. विरळ जागा उजळ दिसते, दाट जागा काळपट. साधा एक्स-रे हेच करतो. पण दहा टॉवेलांचा गठ्ठा उजेडासमोर धरला, तर दोष कितव्या घडीत आहे ते कळणार नाही. सी.टी. यंत्र शरीराभोवती फिरून शेकडो बाजूंनी अशी पाहणी करते आणि संगणक हिशेब करून एकेक घडी वेगळी दाखवतो. ब्रिटनच्या हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. १९७९ साली त्यांना कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९७१ साली जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी या हिशेबाची वेगवान रीत प्रसिद्ध केली होती.

आजच्या नेहमीच्या यंत्रात एक क्ष-किरण नळी असते आणि तिच्यासमोर कमानीसारखा रुंद डिटेक्टर, म्हणजे यंत्राचा डोळा. ६४ ओळींच्या यंत्रात प्रत्येक ओळीत सुमारे ९०० खाने धरले, तरी एकूण ५७,००० वर खाने होतात. प्रत्येक खान्यात किरणांचा प्रकाश करणारा स्फटिक आणि प्रकाशाची वीज करणारा भाग. हा सारा पसारा सेकंदाला दोन-तीन फेऱ्या मारतो. महागाईचे एक मोठे कारण हे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्बर्ट पेल्क यांच्या गटाने ही मांडणी उलटी करून पाहिली : डोळा लहान, दिवे अनेक. हे दिवे एकदम पेटत नाहीत. जकार्डच्या पत्त्यावरील भोकांप्रमाणे कोणता दोरा उचलायचा हे जसे आधी ठरलेले असते, तसा प्रत्येक दिवा आपल्या पाळीला क्षणभर पेटतो आणि अरुंद झोत लहान डोळ्याकडे सोडतो.

याचे फायदे तीन. डोळा लहान म्हणून त्यात भारी स्फटिक बसवणे परवडू शकते. शरीरात आपटून भरकटलेले किरण लहान डोळ्यात कमी शिरतात, म्हणून चित्र स्वच्छ येते. आणि शरीर जाड तिथे दिवा प्रखर, पातळ तिथे मंद ठेवता येतो, म्हणजे रुग्णाला किरणांचा मारा कमी बसतो.

मग असे यंत्र बाजारात सर्रास का नाही? क्ष-किरण नळीत घातलेल्या शक्तीपैकी एक टक्क्याहून कमी भागाचे किरण होतात, बाकीची उष्णता. प्रत्येक दिव्याच्या वाट्याला वेळ थोडा येत असल्याने तेवढ्यात तो फार प्रखर पेटावा लागतो आणि तापतो. शिवाय डोळ्याला सेकंदाला हजारो वेळा नोंद घ्यावी लागते. डोळ्यावर वाचवलेला पैसा दिव्यांवर गेला, तर हिशेब तिथेच येतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे, तापवावे न लागणारे उगम वापरून हा खर्च उतरवण्याचे प्रयत्न चालू आहेत.

इतिहासही सावध करतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८०च्या सुमारास १४ नळ्यांचे अवाढव्य यंत्र उभारले. ते संशोधनापुरतेच राहिले. २००५ साली सीमेन्सने दोन नळ्यांचे यंत्र आणले. धडधडत्या हृदयाचे चित्र त्यात चांगले येते, पण ते स्वस्त यंत्र नव्हे. अनेक नळ्यांनी आजवर वेग दिला, स्वस्ताई दिलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. "नवे स्वस्त तंत्र येतेच आहे" या बोलण्यावर भांडवल अडवून ठेवू नये, की घाईने लावूही नये. जुने यंत्र घेताना नळी किती वापरली गेली आहे, ती बदलण्याचा खर्च किती आणि देखभालीचा करार कोणाचा, हे लेखी घ्यावे. नळी ही झिजणारी वस्तू आहे. तिचा खर्च पहिल्या दिवसापासून वहीत धरावा. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना नसेल, तर यंत्र चालवता येत नाही. भागीदारीचा कागद करण्याआधी एवढी चौकशी झाली, तर भांडवलही वाचेल आणि गरीब रुग्णावरचा भारही हलका ठेवता येईल.