क्लॅप न दिलेला सिनेमा

अरीथा फ्रँकलिनच्या ‘अमेझिंग ग्रेस’ या दोन तबकड्यांच्या अल्बमचं वेड मला फार जुनं आहे. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं, सोल संगीताची राणी ही ओळख वगैरे वाचकांना ठाऊक असेलच, ते सोडून देतो. मला छळत आला तो या अल्बमचा सिनेमा. चित्रीकरणानंतर तब्बल ४६ वर्षं तो डब्यात पडून होता.

१३ आणि १४ जानेवारी १९७२. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये या अल्बमचं थेट ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण. ही इमारत मूळची सिनेमा थिएटरची, हा योगायोग गमतीचाच. रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड सूत्रं सांभाळताहेत, मागे सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर, ड्रमवर बर्नार्ड पर्डी. वॉर्नर ब्रदर्सने दिग्दर्शक म्हणून पाठवलेले सिडनी पोलॅक कथापटांतले नावाजलेले. पण गाण्याच्या मैफलीचं चित्रीकरण हे वेगळंच प्रकरण.

घोटाळा झाला तो एवढाच, की कॅमेरा सुरू होताना फळी आपटून द्यायचा क्लॅप दिलाच नाही. आवाज एकीकडे मुद्रित होत होता, चित्र दुसरीकडे, आणि कॅमेरे मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. फळी आपटल्याचं चित्र आणि तिचा ‘टक्’ जुळवला की पुढचं सगळं जुळतं. इथे तो दुवाच नव्हता. सुमारे २० तासांचं चित्रीकरण, आणि कुठल्या ओठांना कुठला स्वर लावायचा हे कुणाला सांगता येईना. ओठ वाचणारी माणसं आणली, क्वायरचे संचालक अलेक्झांडर हॅमिल्टन यांनाही बसवलं. जमलं नाही. अल्बम मात्र त्याच वर्षी आला आणि वीस लाखांहून अधिक खपला.

पुढची पस्तीस वर्षं ओलांडू. २००७ मध्ये निर्माते अ‍ॅलन एलियट यांनी घर गहाण टाकून हे चित्रीकरण विकत घेतलं, आणि संगणकाच्या मदतीने चित्र-आवाज जुळले. मग आपल्या परवानगीविना सिनेमा दाखवू नये म्हणून अरीथानेच २०११ मध्ये एलियट यांच्यावर दावा लावला. २०१५ मध्ये टेल्युराइड महोत्सवातला खेळ तिने कोर्टातून रोखला.

ही कथा सांगणारे इथे तिला लहरी ठरवतात. मला ते पटत नाही. मानधन आधी रोख घेऊन मगच मंचावर जाणारी, पर्स नजरेआड होऊ न देणारी ही बाई. कृष्णवर्णीय कलावंतांचे पैसे कसे बुडवले जातात, हे तिने पाहिलं होतं. शिवाय सिनेमात ती गाण्याखेरीज जवळजवळ बोलतच नाही. बोलतात ते क्लीव्हलंड आणि तिचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन. दुसऱ्या रात्री ती पियानोवर गात असताना वडील येऊन तिच्या चेहऱ्यावरचा घाम टिपतात. ती गात राहते. मागे रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर उभा आहे, पण त्याच्याकडे लक्ष देण्याची गरज वाटत नाही.

१६ ऑगस्ट २०१८ रोजी अरीथा गेली. कुटुंबीयांनी मान्यता दिली आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. सिनेमा जरूर पाहा; पण ही संमती वारसांची आहे, तिची नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.